मार्चअखेर, गहू आणि खसरा नंबर

पहाटे साडेपाच

बाग सेवनियात आमच्या गल्लीला नळ पहाटे येतो, आणि पाणी नर्मदेचं असतं. नर्मदा इथून दक्षिणेला सत्तरएक किलोमीटरवर, विंध्याच्या पलीकडे आणि बरीच खाली आहे. शाहगंजजवळ तिचं पाणी उचलून पंपांनी डोंगर चढवतात आणि भोपाळच्या टाक्यांत आणून सोडतात. इथं पडणारा पाऊस मात्र तिच्याकडे जात नाही. या भागाचे ओढे-नाले आणि कलियासोत नदी बेतवेला मिळतात, बेतवा उत्तरेला यमुनेकडे जाते. जमिनीचा उतार एका बाजूला आणि पिण्याचं पाणी दुसऱ्या बाजूचं, हे भोपाळच्या दक्षिण टोकाचं रोजचं गणित आहे.

मी पटवारी आहे, म्हणजे महाराष्ट्रात तलाठी करतात ते काम मध्यप्रदेशात करते. माझा हलका, म्हणजे माझ्याकडे असलेली गावं, बाग मुगालियाच्या पलीकडे कटारा-बर्रईच्या बाजूला आहे. राहते मात्र बाग सेवनियात. हेही एकेकाळी अशा एका हलक्यातलं शेतीचं गाव होतं. आज ते भोपाळ महापालिकेत आहे, त्याच्या नावाचं पोलीस ठाणं आहे, एका अंगाला बरकतउल्ला विद्यापीठ आणि साकेत नगरच्या अंगाला एम्स रुग्णालय आहे.

आमचं घर मराठी आहे याला कारण 1956. त्या वर्षी 31 ऑक्टोबरपर्यंत मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्यप्रदेशची राजधानी भोपाळ झाली. त्या दिवसांत नागपूरच्या सचिवालयातून फायलींबरोबर माणसंही इकडे आली. माझे आजेसासरे त्यांतलेच. सासूबाई अजून भोपाळच्या थंडीला नावं ठेवतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्याचं कौतुक करतात.

सकाळी सात

कांदेपोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी, हा भोपाळी रिवाज आमच्या घरानेही उचलला आहे. नवऱ्याची मंडीदीपची बस सव्वासातला कोपऱ्यावर येते. मंडीदीप रायसेन जिल्ह्यात, नर्मदापुरम रोडवर पुढे आहे. तिथल्या कारखान्यांत ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड बनतात, औषधं बनतात, आयशरचे ट्रॅक्टरही बनतात. गावातली शेती आटली तेव्हा काही घरं या बसगाड्यांवर तरली.

गल्लीच्या तोंडाशी कक्का राहतात. त्यांचं घराणं इथलं जुनं, गव्हाचं. जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या वेळी विकले गेले आणि उरलेल्या जागेवर तीन मजले चढले. तळाला कुटुंब, वर भाडेकरू: नर्सिंग शिकणाऱ्या मुली, विद्यापीठातली मुलं, आणि एम्समध्ये कोणाचं तरी ऑपरेशन म्हणून सागर, बैतूल, विदिशाकडून आलेली माणसं. एम्सच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी 2012 ला आली, पुढे रुग्णही येऊ लागले आणि खोल्यांना महिन्याऐवजी दिवसाचंही गिऱ्हाईक मिळू लागलं. कक्कांच्या हातात सकाळी एक लाल बही असते. पूर्वी तिच्यात बियाणं, मजुरी आणि पोती लिहिली जायची, आता खोली क्रमांक, विजेचं मीटर आणि थकबाकी लिहिली जाते.

‘‘मे महिना सुका जातो,’’ ते मला सांगतात, ‘‘परीक्षा संपल्या की पोरं गावी. जुलैत प्रवेश सुरू झाले की भरतं.’’ शेतकऱ्याला मृग-आर्द्रा पाठ असाव्यात तसं त्यांना विद्यापीठाचं वेळापत्रक पाठ आहे.

साडेआठ

स्कूटर काढण्याआधी फोन उघडावाच लागतो. मार्चअखेर आहे. वसुली, गहू खरेदीच्या नोंदण्यांची पडताळणी, पीक कापणी प्रयोग आणि 181 क्रमांकाच्या सीएम हेल्पलाइनवरच्या तक्रारी, सगळं एकाच आठवड्यात येतं. एका तक्रारीत लिहिलंय, ‘पटवारी जागेवर भेटत नाही.’ खरं आहे. ज्याची जागा चार गावांत पसरली आहे तो एका जागेवर कसा भेटेल? पण उत्तरात असं लिहिता येत नाही. मी भेटीची वेळ आणि ठिकाण लिहिते.

नर्मदापुरम रोडवर येते. मिसरोदपासून बैरागडपर्यंत 24 किलोमीटरचा बसमार्ग, बीआरटीएस, 2013 मध्ये याच रस्त्याच्या मधोमध सुरू झाला होता आणि 2024 मध्ये उखडून टाकायला घेतला. आता एम्सपर्यंत मेट्रो आली आहे. शहर या बाजूला किती वेगाने वाढतंय हे कळायला दुसरा पुरावा नको. मजा अशी की भोपाळचा मंजूर मास्टर प्लॅन 2005 सालापर्यंतचाच आहे. त्यापुढचा आराखडा कागदावरून मंजुरीपर्यंत पोचला नाही, पण वसाहती पोचल्या. कटारा ओलांडलं की एका हाताला ‘फार्म हाऊस प्लॉट’चे फलक आणि दुसऱ्या हाताला कापणीला आलेला गहू, असा रस्ता लागतो.

साडेनऊ

आज पीक कापणी प्रयोग आहे. कोणत्या शेतात करायचा हे मी ठरवत नाही. ते यादृच्छिक आकड्याने ठरतं, आणि शेतात कुठे, हेही तसंच. कोपऱ्यापासून लांबीला इतकी पावलं, रुंदीला इतकी पावलं. तिथं पहिली खुंटी. मग 5 मीटर बाय 5 मीटरचा चौरस. चार खुंट्या, सुतळी आणि टेप. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्ण मोजून पाहायचं, तो 7.07 मीटर आला पाहिजे. कोटवार, म्हणजे आपल्याकडचा कोतवाल, या कामात माझ्याहून तरबेज आहे. त्याच्या घराण्याकडे या चाकरीबद्दल सेवाभूमी आहे. ती कसता येते, विकता येत नाही. शहर जवळ आल्यापासून तिच्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा बदलल्या आहेत, आणि त्या नजरांचे कागद अधूनमधून माझ्याकडे येतात.

गहू तेजसचा आहे. पुसा तेजस हा इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातून आलेला कठिया, म्हणजे बन्सीच्या जातीचा गहू. रवा, शेवया, दलियाला चांगला. चार बाया विळ्याने चौरस कापतात. सुतळीवर आलेलं रोप आत की बाहेर यावर दरवेळी वाद होतो. नियम असा की मूळ आत असेल तर ते आत. पेंढ्या ताडपत्रीवर झोडपतात, वारा देतात, दाणे पोत्यात भरून वजनकाट्याला लावतात. 11 किलो 600 ग्रॅम.

पंचवीस चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा चारशेवा भाग. म्हणून 11.6 ला 400 ने गुणायचं: 4,640 किलो, हेक्टरी 46.4 क्विंटल. मी अ‍ॅपमध्ये आकडा भरते, फोटो काढते, चौघांच्या सह्या घेते.

हा छोटा आकडा पुढे मोठा होतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत आमच्याकडे विम्याचं एकक पटवारी हलका आहे. मागल्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढतात, तिच्यावरून उंबरठा ठरतो. हलक्याची सरासरी त्याखाली गेली तर सगळ्यांना भरपाई, नाहीतर कोणालाच नाही. म्हणून विमा घेतलेल्याला वाटतं दाणे कमी भरावेत. उलट सरकारी खरेदीत एका हेक्टरमागे किती गहू घ्यायचा याला जिल्ह्याच्या उत्पादकतेची मर्यादा असते, तिथं तोच शेतकरी म्हणतो दाणे जास्त लिहा. एकाच शेताने विम्यासाठी कमी पिकावं आणि खरेदीसाठी जास्त, ही अपेक्षा दोन्ही बाजूंनी ऐकत मी पोत्याचं तोंड बांधते.

साडेअकरा

शाळेच्या ओट्यावर बसते. खरेदीच्या नोंदणीत ज्यांची जमीन स्वतःच्या नावावर आहे त्यांचं काम सोपं, आधार आणि खसरा, म्हणजे गट, नंबर जुळला की झालं. अडतं ते सिकमीवाल्यांचं. जमीन एकाची, कसणारा दुसरा. शहराच्या कडेला अशी जमीन जास्त असते, कारण मालक डॉक्टर आहे, ठेकेदार आहे किंवा इंदूरला राहणारा कोणी गुंतवणूकदार आहे. गहू त्याने पेरलेला नाही, पण पोर्टल त्याचं नाव मागतं.

समोर एक बटाईदार बसला आहे. करार आहे, पण मालकाच्या सहीचा कागद नाही. मालक फोन उचलत नाही. त्याला भीती अशी की एकदा कसणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर आलं की उद्या तो हक्क सांगेल. राज्यात भूमिस्वामी आणि बटाईदार दोघांचे हक्क सांभाळणारा कायदा आहे. करार केल्याने मालकी जात नाही, हे त्यात स्पष्ट आहे. मी हे मालकाला तिसऱ्या फोनवर सांगते. ‘‘संध्याकाळी बघतो,’’ तो म्हणतो. बटाईदाराच्या दृष्टीने ‘बघतो’चा अर्थ क्विंटलमागच्या रुपयांत होतो. 2025 च्या हंगामात केंद्राचा हमीभाव 2,425 होता, राज्याने 175 रुपये बोनस देऊन तो 2,600 केला. नोंदणी नसेल तर करोंदच्या मंडीत व्यापारी देईल तो भाव.

या बाजूची पिकं दोन, सोयाबीन आणि गहू. मधे थोडा हरभरा. सोयाबीन इथं जुनं नाही. ही काळी माती पावसात अशी चिकट होते की नांगर चालत नाही, म्हणून पूर्वी पुष्कळ शेतं खरिपात मोकळी ठेवून, मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू घ्यायचे. 1970 नंतर सोयाबीन आलं आणि तो मोकळा हंगाम भरला. मालकांना दुसरं उत्पन्न मिळालं आणि ट्रॅक्टर परवडू लागले. अलीकडे मात्र सोयाबीनचे भाव हमीभावाखाली राहतात. 2025 मध्ये हमीभाव 5,328 रुपये होता, आणि बाजारातली तूट भरून काढायला राज्याला भावांतर योजना पुन्हा आणावी लागली. ओट्यावरच्या गप्पांत सोयाबीनचा विषय निघाला की शेवटी कोणीतरी प्लॉटचा भाव विचारतो.

दुपारी एक

डबा कडुलिंबाखाली. कोटवाराच्या घरून ताक येतं. जवळ एक म्हातारे शेतकरी येऊन बसतात. मला ‘बिटिया’ म्हणतात, आणि जेवताना कागद दाखवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

बोलणं भोजपूरवर येतं, कारण कोणाची तरी मुलं महाशिवरात्रीच्या जत्रेला गेली होती. भोजपूरचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या शेजारी अकराव्या शतकातल्या राजा भोजाने बांधलेल्या प्रचंड तलावाचे बांध होते, हे जवळ राहणाऱ्यांनाच ठाऊक असतं. बेतवा आणि कलियासोत यांचं पाणी त्या बांधांनी अडवलं होतं. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडला. सांगतात, फोडायला तीन महिने लागले, पाणी वाहून जायला तीन वर्षं, आणि तळ राहण्याजोगा व्हायला तीस वर्षं. आकड्यांची लय कथेची आहे. पण तलावाचा तळ उघडा पडला आणि त्यावर शेती उभी राहिली, एवढा भाग त्या सपाट, गाळाच्या जमिनीकडे पाहिल्यावर पटतो. पाणी साठवायचं की जमीन मिळवायची, हा प्रश्न या बाजूला तेव्हापासूनचा आहे.

म्हाताऱ्यांना मी आपल्याकडची एक गोष्ट सांगते. 1737 च्या डिसेंबरात बाजीराव पेशव्याने निजामाला भोपाळात कोंडलं. मोठी लढाई करण्यापेक्षा रसद तोडण्यावर भर दिला. धान्य आणि चारा आत जाईना, तेव्हा निजाम तहाला आला. जानेवारी 1738 मध्ये सीहोरकडच्या दोराह्याला तह झाला आणि माळवा मराठ्यांकडे आला.

‘‘म्हणजे गव्हानेच हरवलं,’’ म्हातारे म्हणतात. त्यांच्या खसऱ्यात हा गहू अजून आहे, म्हणून त्यांना ते लगेच पटतं.

दुपारी तीन

ऊन छत्तीसच्या पुढे असावं. कोटवाराचा फोन: नाल्यापलीकडे धूर. हार्वेस्टरने कापलेल्या शेतात फूट-दीड फूट नरवाई, म्हणजे धसकटं, उभी राहतात. ती काढायला रोटावेटर किंवा सुपरसीडर लागतो, त्याला डिझेल लागतं. काडेपेटी स्वस्त आहे.

उपग्रहाला आग दिसते, यादी भोपाळहून येते, आणि पंचनामा माझ्या नावाने होतो. नरवाई जाळणाऱ्याची मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेची रक्कम बंद करण्याचा निर्णय राज्याने 2025 मध्ये जाहीर केला. वर्षाला 6,000 रुपये ही रक्कम लहान शेतकऱ्याला मोठी. इथं मात्र पेच वेगळाच आहे. शेत ज्याच्या नावावर आहे तो शहरात, आग लावली ती कसणाऱ्याने, आणि हार्वेस्टर पंजाबहून आलेला, तो पुढच्या गावाला निघूनही गेला. मी खसरा नंबर, क्षेत्र, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिते. शेजारच्या उभ्या गव्हापर्यंत आग गेली नाही, हे आधी लिहिते, कारण ते पहिलं विचारलं जाईल.

मातीचं नुकसान पंचनाम्यात लिहिण्याची जागा नाही. भोपाळात बैरसिया रस्त्यावर नबीबागला देशाची मृदा विज्ञान संस्था आहे, 1988 पासून. तिच्या शेजारीच कृषी अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. नरवाई न जाळता पेरता येईल अशी यंत्रं तिथं तयार आहेत. अडचण भाड्याने यंत्र मिळण्याची आहे: कापणी आणि पेरणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात येते, तेव्हा यंत्र एक आणि शेतं शंभर.

साडेचार

तहसील. इथली रांग वर्षभर सारखीच असते. मार्चमध्ये फक्त आवाज चढतो. नामांतरणाचं एक प्रकरण आहे, वडिलांच्या मृत्यूनंतर तीन भावांची नावं चढवायची. दोघांना शेती हवी, तिसऱ्याला विकायची आहे. कागदावर तिघं एका ओळीत येतील. त्या ओळीचं बंटवाऱ्यात रूपांतर व्हायला वर्ष पुरणार नाही, हे मला, त्यांना आणि त्यांच्या वकिलांनाही माहीत आहे.

जुन्या दाव्यांसाठी नवाबी काळाचे कागद काढावे लागतात. ते उर्दूत असतात. भोपाळच्या सिकंदर बेगमने एकोणिसाव्या शतकात राज्याचे तीन जिल्हे आणि एकवीस उपजिल्हे केले, जिल्ह्याला महसूल अधिकारी नेमला, आणि दरबाराची फारसी बदलून उर्दू आणली. माझी नोकरी त्या घडीचीच धाकटी पाती आहे. पुढे 1 जून 1949 ला भोपाळ संस्थान भारत सरकारने ताब्यात घेतलं, 1956 ला राजधानी आली, तरी भोपाळला स्वतःचा जिल्हा नव्हता. 1972 पर्यंत राजधानीचं शहर सीहोर जिल्ह्यात मोडत होतं. बाग सेवनियाच्या जुन्या कागदावर जिल्हा ‘सीहोर’ दिसला की नवे वकील दचकतात आणि कागद खोटा ठरवायला निघतात. त्यांना हा 1972 चा खुलासा दरवेळी करावा लागतो.

1959 च्या भू-राजस्व संहितेवर आमचं सगळं चालतं. सीमांकनाला पूर्वी जरीब, लोखंडी साखळी ओढायचे. आता उपग्रहाशी जोडलेला रोव्हर येतो आणि सेंटिमीटरमध्ये बोलतो. त्यामुळे भांडणं कमी झाली असं मात्र नाही. साखळीच्या काळात हातभर इकडेतिकडे असलेला बांध दोन्ही शेजारी चालवून घ्यायचे. शहराच्या कडेला आता हातभर जमिनीतही एका चारचाकीची पार्किंग असते.

संध्याकाळी सहा

परतताना कलियासोतच्या पुलावर थांबते. शौक म्हणून नव्हे, उद्याचा अहवाल आहे म्हणून. 2014 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या नदीच्या दोन्ही काठांपासून 33 मीटरपर्यंत बांधकाम करू नये, असा आदेश दिला. आदेश सोपा, मोजणी अवघड. काठ कुठे सुरू होतो? मार्चमध्ये पाणी मधल्या खडकापाशी असतं, ऑगस्टमध्ये बाभळींपर्यंत चढतं. नकाशातला काठ एक, पुराचा दुसरा, बिल्डरचा तिसरा. टेपचं शून्य कुठे ठेवायचं यावर आख्खी इमारत आत किंवा बाहेर जाते.

खाली खडक उघडा आहे. भोपाळच्या या भागात दोन दगड भेटतात: दक्खनचा काळा बेसॉल्ट, जो सह्याद्रीपासून इथवर पसरला आहे, आणि विंध्याचा तांबूस वालुकाश्म. काळ्या दगडाची माती झाली तिथं गहू आणि सोयाबीन, तांबूस दगड वर राहिला तिथं माळ, सागाचं झुडपी रान आणि पुढे भीमबेटकाच्या गुहा. वसाहतींना दोन्ही चालतात, पण बिल्डरला काळी माती नको असते. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाया हलवते. जी माती गव्हाला सगळ्यात चांगली तीच घराला सगळ्यात वाईट, आणि शहर नेमकं तिच्यावर सरकतंय. मुरूम टाकून पाया खोल घ्यावा लागतो. तो खर्च प्लॉटच्या भावात मिसळला की दिसत नाही.

साडेसात

बाग सेवनियाच्या बाजारात भाजी घेते. मेथी, हिरवा हरभरा, गिलकी, आणि शेवटची वांगी. भाजीवाल्या काकू रातीबडच्या बाजूच्या. पहाटे करोंदला जाऊन माल आणतात. करोंदची मंडी शहराच्या उत्तर टोकाला, आम्ही दक्षिण टोकाला, मधे सगळं भोपाळ. जवळच्या शेतातली वांगी आधी शहर ओलांडून मंडीत जातात आणि पुन्हा शहर ओलांडून आमच्याकडे येतात. सरळ का घेत नाही, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, ‘‘शेतकऱ्याला सगळा माल एकदम विकायचा असतो आणि मला दहा भाज्या थोड्या थोड्या घ्यायच्या असतात. आमची गाठ मंडीतच पडते.’’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात यापेक्षा वेगळं काही लिहिलेलं नसावं.

मेसचे डबे भरणारी मुलं स्कूटरवर फिरतायत. गावातल्या बऱ्याच बायकांचा हा धंदा: सकाळ-संध्याकाळ पोळीभाजी, महिन्याचे पैसे आगाऊ. बीड-लातूरकडून स्पर्धा परीक्षांना आलेल्या एक-दोन मुलांना सासूबाईंनी भाकरी करून घातली, तेव्हापासून आमच्या दारावर मराठीत हाक येते, ‘‘आजी, आज ठेचा आहे का?’’

रात्री नऊ

पुण्याहून नणंदेचा फोन. ‘‘वहिनी, यंदा शरबतीची दोन पोती पाठवशील का? इथं दुकानदार सगळ्यालाच एमपी सीहोर म्हणतो.’’

बरोबर म्हणते. सीहोरच्या शरबतीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पुण्या-मुंबईत त्याच्या नावाने लोकवनही विकला जातो. शरबती कमी पाण्यावर येतो, दाणा चमकदार, पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ. पण उत्पन्न कमी. म्हणून पाण्याची सोय झाली की शेतकरी तेजस, पूर्णा असल्या जास्त देणाऱ्या जातींकडे वळतो. मी आज ज्या शेतात होते तिथं हेक्टरी सेहेचाळीस क्विंटल आला, शरबती त्याच्या जवळपास पोचत नाही. भाव जास्त मिळाला तरच तो पेरणाऱ्याला परवडतो. नणंद जास्त द्यायला तयार आहे; दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत तो फरक किती पोचतो, हा प्रश्न आहे. मी तिला कक्कांचा फोन नंबर देते. त्यांनी सगळी शेती विकली, पण वर्षाचा गहू ते आष्टा-सीहोरकडच्या पाहुण्यांकडून अजून पोत्याने आणतात, आणि भाडेकरूंनी पिठाच्या पिशव्या आणल्या की त्यांना उपदेश करतात.

डायरी लिहिते: कापणी प्रयोग एक, सिकमी पडताळण्या अपुऱ्या, नरवाई पंचनामा एक, नामांतरण पुढच्या तारखेला. बटाईदाराच्या मालकाला चौथा फोन लावते. या वेळी तो उचलतो आणि उद्या सही करायला येतो म्हणतो. बघू.

उद्या सकाळी दहाला सीमांकन आहे. रस्त्यालगतचा तुकडा आहे, सौदा ठरलेला आहे. विकणारा म्हणतो एक एकर, घेणारा म्हणतो 43,560 चौरस फूट, कागदावर 0.405 हेक्टर आहे. तिन्ही एकच आहेत, पण भाव एकरात बोलला की शेताचा वाटतो आणि चौरस फुटात बोलला की दुकानाचा. घेणाऱ्याचा आग्रह आहे की अहवालात जागा ‘पडीत’ लिहावी, म्हणजे पुढची परवानगी सोपी जाईल. मी जाऊन पाहून आले आहे. तिथं कमरेएवढा गहू उभा आहे, आणि तो कापून नेईपर्यंत पिकाच्या रकान्यात मी गहूच लिहिणार आहे.